फूल वर, शेंग खाली

"आज काय खाऊन आलास?" या एका प्रश्नावर माझी बालवाडी चालायची. गाणी, गोष्टी, मणी ओवणं हे सगळं त्याच्यानंतर. सकाळी पोरं येऊन सतरंजीवर बसली, कुणाचं नाक पुसून झालं, कुणाची चड्डी वर ओढून झाली, की मी टोकाच्या पोरापासून सुरुवात करायचे. काय खाल्लंस? भाकरी. भाकरी कशाची? पिठाची. पीठ कुठनं आलं? गिरणीतनं. आणि गिरणीत कुठनं आलं? इथं पोरगं छताकडं बघायला लागायचं. मग शेजारचं अगदी तोऱ्यात सांगायचं, "पोत्यातनं!" दूध तांब्यातनं येतं, गूळ डब्यातनं येतो, मीठ दुकानातनं येतं आणि तूप फक्त पाहुण्यांबरोबर येतं. हसू नका. ही सगळी शेतकऱ्यांची पोरं होती. ज्वारीत लपाछपी खेळायची, पाखरं हाकायची, दोन वेळा भाकरी खायची. पण रानातलं ते कणीस आणि ताटातली ही भाकरी एकच आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. असलं काही सांगावं लागतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग मी त्यांना घेऊन हिंडायचे. गिरणीत नेलं, गुऱ्हाळावर नेलं, म्हशीची धार काढताना गोठ्याच्या दारात रांगेनं बसवलं. मिठाला मात्र माझी दांडी उडाली. मीठ समुद्रातनं येतं म्हटलं, तर पोरं विचारतात, समुद्र केवढा? आपल्या तळ्याएवढा? मी स्वतः तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. "त्याच्यापेक्षा मोठा," असं म्हणून मी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

आमचं गाव निपाणीपासून सायकलच्या अंतरावर. निपाणीला जाऊन मी पी.यू.सी., म्हणजे आमच्याकडची बारावी, केली आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे लग्न ठरेपर्यंत बसायचं ते. गावातल्या महिला मंडळानं बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, मागच्या खोलीत बालवाडी काढली आणि शिकलेली पोरगी कोण, तर मी. अण्णांना, माझ्या वडिलांना, ते काही पटलं नव्हतं. "पाटलाच्या पोरीनं गावाची नाकं पुसत बसायचं व्हय?" ते म्हणाले. त्यावर स्वयंपाकघरातनं आक्काचा आवाज आला, "पुसू दे की. उद्या सोताच्या पोरांची पुसायचीच हाईत, हात बसंल." आणि विषय संपला. आक्का ही अण्णांची थोरली बहीण. माझी आत्या, पण सगळं घर तिला आक्काच म्हणायचं आणि पुढं पुढं सगळा गावही. तिला चिक्कोडीकडं एका कानडी बोलणाऱ्या घरात दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली, ती कायमची. लाडात आली की मराठी बोलायची आणि संतापली की कानडी. "सुम्निरु!" असं तिच्या तोंडून आलं की आम्ही पोरंच काय, अण्णासुद्धा गप्प बसायचे. आज मी जी काही आहे, चार माणसांत उभी राहून बोलते, नोकरी करून निवृत्त झाले, ती त्या बाईमुळं. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर "लई शानी झालीस" म्हणून धपाटाच मिळाला असता.

घरात पहाटे पहिला आवाज व्हायचा तो उखळाचा. आक्का न्हाऊन, बस्तीला जाऊन यायची आणि भाजलेल्या शेंगा कुटायला बसायची. आमच्याकडं शेंगदाण्याला शेंगाच म्हणतात, मग ते टरफलात असोत नाहीतर कूट झालेले. आमच्या घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर-मुळा नाही. जमिनीखालचं कंदमूळ खायचं नाही, कारण त्यात असंख्य जीव असतात आणि ते उपटलं की झाडही मरतं, हे आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवलेलं असायचं. मग चव आणायची कुठनं? शेंगांतनं. आमटीत कूट, वांग्यात कूट, काकडीत कूट, भाकरीवर चटणी, वर घाण्याचं शेंगांचं तेल. सणाला शेंगांची पोळी. आक्काची चटणी निपाणीच्या बाजारापर्यंत नावाजलेली होती. मिरचीचा ठसका, जिऱ्याचा वास आणि शेंगांचं सुटलेलं तेल. हाताला लागली तर दुपारपर्यंत हात हुंगत बसावं अशी. मी आता शहरात, टिळकवाडीत मुलाकडं असते. मिक्सरवर दोन मिनिटांत चटणी होते आणि ती चटणीसारखी दिसते एवढंच.

तर झालं असं, की श्रावण अर्ध्यावर आला होता आणि बालवाडीत भाज्यांचा तक्ता चालू होता. झाडाला काय लागतं, वेलीला काय लागतं, मुळाशी काय असतं. नुसती चित्रं काय दाखवायची म्हणून मी अण्णांनी खाण्यापुरत्या पेरलेल्या शेंगेचं एक झाड उपटून नेलं. माती झाडली. खाली कोवळ्या, पांढऱ्या शेंगा लोंबत होत्या. पोरं बघतच राहिली. पद्मा ही माझ्या थोरल्या दादाची मुलगी, चार वर्षांची आणि डोक्यानं तिखट. ती पुढं आली, झाडाकडं बघितलं, तक्त्याकडं बघितलं आणि बोट ठेवून म्हणाली, "बाई, हे ह्येच्यात. मुळा, गाजर, बटाट्याच्यात." घरी मला आत्या म्हणायची, पण बालवाडीत इतरांसारखी बाई. मला काय आनंद झाला! स्वतःच्या डोक्यानं लावलेला पहिला ताळा होता तो तिचा. मी जोरात म्हटलं, "शाब्बास!" आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

त्या संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत, आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो होतो. दिवस बुडाल्यावर आमच्यात जेवत नाहीत. आक्का सगळ्यांत शेवटी, चुलीशेजारी पाट घेऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिनं चटणीत बुडवला, तोंडाशी नेला आणि पद्मा ताडकन उठून उभी राहिली. "आक्का, तू कंदमूळ खातीयास!"

"काय म्हणालीस गं?"

"शेंगा मातीतनं येत्यात. मुळात असत्यात. बटाट्यावानी. बाईंनी दावलंय आमास्नी. मी बरोबर सांगितलं म्हणून टाळ्या वाजवल्या."

दादा हसला. आई हसली. मीही हसले असेन. आक्का हसली नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "व्हय गं?" मी म्हटलं, "अगं आक्का, शेंगा मातीत लागतात हे काय तुला आज कळलं?" ती म्हणाली, "लागत्यात ते ठावं हाय. पोरगी इचारतीया ते मी कधी इचारलं न्हवतं." ती उठली, हात धुतले आणि जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उखळाचा आवाज आला नाही. ती बस्तीतनं उशिरा आली ती हे सांगतच, की देवासमोर उभी राहून तिनं शेंगेचा आणि शेंगेच्या तेलाचा जन्मभरासाठी त्याग केला आहे. आमच्यात त्याग म्हणजे गंमत नसते. एखादी वस्तू देवासमोर सोडली की सोडली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण आक्काचं मन तिथं थांबेना. "आजवर खाल्लं त्येचं काय?" ती म्हणायची. "जन्मभर मातीतलं खाल्लं, आनि वर आमी कंदमूळ खात न्हाय म्हणून लोकांच्यात मिरवलं. हे फेडाय नगं?" भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व येतं. दहा दिवस. आक्का दरवर्षी त्यात एकभुक्त राहायची, म्हणजे दिवसातनं एकदाच जेवायची. आणि गेल्या वर्षी तेवढ्यातसुद्धा ती बस्तीच्या पायरीवर चक्कर येऊन पडली होती, डोक्याला खोक पडली होती, डॉक्टरांनी पुन्हा असलं काही करायचं नाही म्हणून हात जोडले होते. यंदा ती म्हणाली, दहाही दिवस नुसत्या पाण्यावर राहणार. घरावर वीजच पडली.

अण्णांनी उपाध्यांना, बस्तीच्या पुजाऱ्यांना, बोलावून आणलं. उपाध्ये पुढच्या सोप्यात बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आक्का, शेंगा चालत्यात. शास्त्राला धरून हाय. वाडवडील खात आलेत."

"का चालत्यात?"

"चालत्यात म्हंजे चालत्यात."

"बटाटा का चालत न्हाय?"

"तो कंद."

"आनि ही?"

"ही शेंग."

"शेंग तर चवळीला बी लागती, वर लागती. ही मातीत काय करतीया?"

उपाध्ये भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले. आक्का त्यांना आदरानंच म्हणाली, "तुमच्यावर माझा इस्वास हाय, उपाध्ये. पन समजल्याबिगर मला घास गिळवायचा न्हाय." मला आजही वाटतं, आमच्या गावात इतका सरळ प्रश्न त्याआधी कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो एका पुस्तक न वाचलेल्या बाईनं, स्वतःच्या जिवाची बाजी लावून. उपाध्ये गेल्यावर अण्णा माझ्याकडं वळले. "तुझ्या त्या शाळंपायी माझी भैण मराय बसलीया," ते म्हणाले. "उद्यापास्नं कुलूप. कळलं?" मी मान खाली घातली. आतनं आक्का म्हणाली, "तिला बोलू नगंस. तिनं खरं शिकवलंय. खऱ्याला काय भ्यायचं?" पण कुलूप लागलंच.

पुढचे दिवस वाईट गेले. आक्कासाठी आई करडईच्या तेलात वेगळी भाजी करायची, तर आक्का म्हणायची, एका बाईसाठी दोन-दोन फोडण्या नकोत, आणि दूधभात खाऊन उठायची. तोही अर्धा. तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. अजून पर्व सुरूही झालं नव्हतं. आम्ही चटणी खायची बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिच्यासमोर खायची कशी? घरातलं जेवण पांढरंफटक झालं. आणि पद्मा! आधी दोन दिवस ती नाक वर करून हिंडत होती, कारण आक्कानं तिची पाठ थोपटून "माझ्या पोरीनं डोळं उघडलं" असं म्हटलं होतं. मग मोठ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं असावं. एका दुपारी ती माझ्या मांडीत येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी बोलले म्हणून आक्का मरणार?" मला रडू आवरेना. मी तिला उचललं आणि घराबाहेर पडले. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. पाय रानाकडं गेले.

शेंगेच्या वाफ्यात पिवळी फुलं होती. पद्मानं डोळे पुसले आणि एका फुलाकडं बोट केलं. "हे कशाचं?" मी म्हटलं, शेंगेचं. ती विचारात पडली. उन्हाळ्याच्या तोंडावर मी पोरांना आंब्याखाली नेऊन मोहर दाखवला होता आणि फूल जिथं येतं तिथंच फळ धरतं हे चार-चारदा वदवून घेतलं होतं. ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. "फूल तर वर हाय," ती म्हणाली. "मग शेंग खाली कशी?"

मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेंगांवर वाढले, पोरांना शिकवायला निघाले, आणि मला माहीत नव्हतं. संध्याकाळी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "आऱ्या सुटत्यात, त्या मातीत जात्यात आनि शेंगा हुत्यात. त्यात काय सांगायचं?" मी म्हटलं, आरी कशातनं सुटते? "फांदीतनं." फांदीतनं का फुलातनं? अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एवढं कोन बघतंय गं?" शेंगेला आऱ्या सुटल्या हे वाक्य आमच्या घरात दरसाल बोललं जायचं. फूल सगळ्यांनी पाहिलेलं, शेंग सगळ्यांनी खाल्लेली, आणि मधलं कुणीच पाहिलेलं नाही. त्या रात्री माझ्या मनात आलं, की आरी जर फुलातनं निघत असेल तर शेंग हे फळ झालं, कंद नव्हे. पण माझ्या मनात येऊन काय उपयोग? आक्काला दिसायला हवं होतं. आणि आक्का पावसाळ्यात रानात पाऊल टाकायची नाही. हिरव्यात पायाखाली किडामुंगी येते म्हणून चातुर्मासात ती घर आणि बस्ती सोडून कुठं जात नसे. मग रानच घरी आणायचं ठरवलं.

अण्णांनीच खोदून दिलं. तोंडानं "वाळलं तर मला सांगू नगा" म्हणत होते, पण एक मूळ तुटू नये म्हणून कुदळ बाजूला ठेवून हातानं माती काढत होते. मोठ्या ढेकळासकट ते झाड घमेल्यात घालून आम्ही सोप्यात आणून ठेवलं. बालवाडीला कुलूप होतं, तर पोरं आमच्या सोप्यात जमायला लागली. मी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला आणि सकाळी उमललेल्या एका फुलाच्या बुडाशी, पान जिथं फांदीला जोडलेलं असतं तिथं, अलगद बांधला. "आता हे फूल कुठं जातंय ते बघायचं," मी पोरांना म्हटलं. आक्का दाराआडून बघत होती. ती बाहेर आली ती एवढंच विचारायला, "मूळ तोडलं न्हाय न्हवं?" नाही म्हटल्यावर आत गेली, गाळलेलं पाणी घेऊन आली, आणि झाडाला घातलं.

फूल दुपारपर्यंत कोमेजलं. दुसऱ्या दिवशी वाळून गेलं. मग काहीच नाही. रोज सकाळी पोरं घमेल्याभोवती उकिडवी बसायची, दोऱ्याकडं बघायची आणि काही होत नाही म्हणून एकमेकांना ढकलायची. शेजारची शेळी एकदा तोंड घालून गेली, तेव्हापासून पद्मा हातात काठी घेऊन घमेल्याशेजारी जेवायला लागली. पर्व जवळ आलं. दोऱ्यात नुसता वाळका काटा उरला. "सगळ्याच फुलांस्नी धरत न्हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ज्या आवाजात म्हटलं त्यावरनं कळलं की तेही रोज बघत होते. मी शहाणपणा करून आणखी चार फुलांना दोरे बांधून ठेवले होते, म्हणून थोडा धीर होता. आक्का मात्र आपल्या तयारीला लागली होती. पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलं. दहा दिवस स्वयंपाकघर आईच्या हवाली म्हणून डबे दाखवून दिले. डबे दाखवताना ती मध्येच भिंतीला टेकून बसली, तेव्हा आईनं तोंडात पदर धरला.

पर्वाच्या चार दिवस आधी पद्मानं किंकाळी फोडली. आम्ही सगळे धावलो, वाटलं विंचूबिंचू चावला. ती बोट दाखवत होती. एका दोऱ्यातनं, जिथं फूल होतं नेमक्या त्याच जागेतनं, सुईसारखं काहीतरी निघालं होतं. टोकाला जांभळट. आणि ते वर जायचं सोडून खाली वळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लांबलं. तिसऱ्या दिवशी आणखी खाली आलं आणि मातीपासून नखभर उरलं. पोरं घरी जाईनात. मी आत जाऊन आक्काला म्हटलं, "आक्का, बघायला ये." ती म्हणाली, "सुम्निरु." मी हलले नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्या सुम्निरुला मी भीक घातली नाही. "तू उपाध्यांना समजल्याबिगर घास गिळवायचा न्हाय म्हणालीस," मी म्हटलं. "मग समजून घ्यायला काय झालं? बघायचंच न्हाय असं कुठल्या शास्त्रात आहे?" अण्णा दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटले. आक्कानं चष्मा मागितला.

पर्वाच्या आदल्या सकाळी ती घमेल्याशेजारी पाट घेऊन बसली. त्या आरीचं टोक मातीत शिरलं होतं. पद्मानं तिला दोरा दाखवला. "हितं फूल व्हतं. पिवळं. तू पानी घातलंवतंस त्येला. मग वाळलं. मग हे आलं, हितनंच, बघ. आनि आता मातीत चाललंय." आक्कानं वाकून बघितलं. मग दुसरा दोरा बघितला, तिथंही तसंच टोक निघालेलं. मग तिनं स्वतःच्या बोटानं घमेल्याच्या कडेची थोडी माती बाजूला केली. तिथं आधीची एक आरी मातीत गेलेली होती, आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी शेंग फुगत होती. मूळ बाजूला, वेगळं. तिला कुणी दाखवलं नाही, तिनंच बोटानं मूळ आणि आरी वेगळी करून बघितली.

"म्हंजे हिची शेंग फुलातनंच," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

"पन काढताना झाड उपटतासाच की. मरतंच की ते."

हे मला सुचलं नव्हतं. आक्काच पुन्हा झाडाकडं बघत म्हणाली, "तवर पिकून पिवळं पडल्यालं असतंय, न्हाय का रं?" अण्णांनी मान हलवली. "ज्वारी बी तशीच कापतो. मंग हे धान्यच." तिनं बाजूला केलेली माती परत सारखी केली, हात झाडले आणि माझ्या आईकडं बघून म्हणाली, "उद्यापास्नं एकभुक्त करीन, दरसालावानी. पान्यावर न्हाय ऱ्हायाची. फेडायचंच काय न्हाय तर फेडू कशाला?" अण्णा उंबऱ्यावर बसले आणि पोरांच्या देखत ढसाढसा रडले. माझ्या अण्णांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. आक्का त्यांना म्हणाली, "गप रं, पोरं बघत्यात," आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

संध्याकाळी आईनं हौसेनं चटणी कुटली. किती दिवसांनी घरात तो वास आला! आक्काच्या ताटात तिनं भाकरीशेजारी चमचाभर चटणी वाढली. आक्कानं ती हळूच वाटीत काढून बाजूला ठेवली. "अगं, त्याग केलाय की मी. देवाम्होरं."

"पण आता कळलं की," मी जवळजवळ ओरडले. "ते कंदमूळ न्हाय!"

"कळलं ते लई चांगलं झालं. आजवर खाल्लं ते पाप न्हवतं, एवढं बास झालं मला," ती म्हणाली. "पन दिल्याला शब्द परत मागायचा व्हय? तुमी खावा की पोटभर. तुमी कुठं सोडलंय?" आणि तिनं करडईच्या तेलातल्या भाजीशी अख्खी भाकरी खाल्ली. अख्खी. आम्ही जेवण सोडून तिच्याकडंच बघत होतो.

इतकी वर्षं झाली, मी या गोष्टीवर आक्काशी मनातल्या मनात भांडत आले आहे. चुकीच्या समजुतीनं केलेला त्याग मोडला तर कुठलं आभाळ कोसळणार होतं? तिला चटणी किती आवडायची! मग कधी वाटतं, तिला जे मिळालं ते चटणीपेक्षा मोठं होतं. आयुष्यभर नीट वागलो, याची खात्री किती जणांना मिळते? माझी नात ईरा परवा म्हणाली, शेंगदाणे डिलिव्हरीवाल्या दादाच्या पिशवीतनं येतात. मी हसले, आणि गॅलरीतल्या कुंडीत चार शेंगदाणे टोचले. शेंगा धरतील न धरतील, फूल तरी बघेल. पोरांना नुसतं सांगून टाकायचं नाही, आपणही त्यांच्या शेजारी उकिडवं बसून बघायचं, हे मी त्या सोप्यात शिकले आणि पुढं शाळेत नोकरी केली तेव्हा जन्मभर त्यावर जगले. त्यासाठी मी पद्माची ऋणी आहे, त्या घमेल्यातल्या झाडाची आहे आणि सगळ्यांत जास्त आक्काची.

पर्व नीट पार पडलं. कुलूप निघालं. बालवाडीच्या पहिल्याच दिवशी, पोरं सतरंजीवर बसत होती, तोवर दारात आक्का. ती तिथं कधी आली नव्हती. काखेत पितळेचा डबा. पहाटे मी उखळाचा आवाज ऐकला होता, पण आईच असेल असं वाटलं होतं. डब्यात शेंगांचे लाडू होते, गुळात वळलेले. पुढं ती असेपर्यंत घरातली सगळी चटणी, सगळे लाडू, सगळ्या पोळ्या तिच्याच हातच्या झाल्या, आणि त्यातला कण तिनं कधी जिभेवर ठेवला नाही. पण त्या दिवशी आम्हाला ते अजून माहीत नव्हतं. तिनं एक लाडू काढून पद्माच्या हातावर ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसली.

"मला काय चव बघाय येत न्हाय आता," ती म्हणाली. "तू खाऊन सांग. खरं सांगायचं."

पद्मानं डोळे मिटून, आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवून, सावकाश लाडू चावला. आक्काचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"गूळ जरा कमी हाय," पद्मा म्हणाली.

"व्हय?" आक्का म्हणाली. "मंग उद्या वाढवते."